सरकलेली पिवळी रेघ

डॉक्टरांनी पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक वस्तू काढली आणि ताईंच्या टेबलावर ठेवली. कागद उलगडताच काळ्या रबराचा हातभर फाटका तुकडा समोर आला.

"माझी मुलगी वाचली ती निव्वळ नशिबाने," डॉक्टर म्हणाले. "आणि हे ज्याने केलं त्याला मी पंधरा वर्षं घरचा माणूस समजत होतो."

भावोजींनी हातातलं बिस्किट हळूच बशीत ठेवलं. अशा वाक्यानंतर कुरकुर वाजणारा पदार्थ खाणं त्यांना बरं वाटेना.

ताई ही भावोजींच्या बायकोची थोरली बहीण. तीस वर्षं तिने एका प्रयोगशाळेत तुटलेल्या वस्तू तपासण्यात घालवली होती. पुलाचा खिळा असो की लिफ्टचा दोर, तो का तुटला हे ती सांगे. निवृत्तीनंतर तिने खासगी तपास सुरू केला, कारण तिच्या मते माणसंही त्याच नियमांनी तुटतात. फक्त अहवाल द्यायला जास्त वेळ लावतात. भावोजींनी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला होता. ताईकडे त्यांचं काम दोन प्रकारचं होतं, गाडी चालवणं आणि चुकीचा तर्क आधी करून तो रस्ता बंद करणं. दुसरं काम त्यांना कुणी नेमून दिलेलं नव्हतं.

"सुरुवातीपासून सांगा," ताई म्हणाली.

डॉक्टरांकडे पंधरा वर्षांची, पण जेमतेम अडतीस हजार किलोमीटर चाललेली एक मोठी आलिशान गाडी होती. तिला साध्या स्प्रिंगा नव्हत्या. प्रत्येक चाकावर रबराचा एक जाड फुगा होता. यंत्र त्यात हवा भरे आणि गाडी पाण्यावर तरंगावी तशी चाले. गेल्या वर्षाच्या सुरुवातीला मिस्त्रीने पुढचे दोन्ही फुगे म्हातारे झाले म्हणून बदलले. निदान तसं त्याने सांगितलं. परवा मुलगी ती गाडी घेऊन गावाबाहेर निघाली. भर वेगात पुढचा डावा फुगा फाटला, गाडी त्या अंगाला बसली आणि रस्त्याकडेच्या कठड्यावर घासत गेली. मुलीचं मनगट मोडलं.

"हा तुकडा रस्त्यावर सापडला. यावर उठवलेलं साल बघा. पंधरा वर्षांपूर्वीचं! म्हणजे मिस्त्रीने उजवा तेवढा नवा घातला आणि डावा जुनाच ठेवला. दोन सांगितले, एक घातला. उद्या सकाळी मी पोलिसांत तक्रार देणार आहे. तुमचा अहवाल सोबत जोडला की त्याला सुटायला जागा राहणार नाही."

"हे साल तुम्ही स्वतः पाहिलंत?"

"कप्तानने दाखवलं. माझा मित्र. खडीच्या खाणीचा मालक, पण सहलीत त्याची गाडी नेहमी पुढे, म्हणून कप्तान. आम्ही दोघांनी एकाच दिवशी, एकाच दुकानातून, एकाच मॉडेलच्या गाड्या घेतल्या. त्याची दोन लाखांवर धावली आणि ठणठणीत आहे. माझी उभी राहून कुजली. तो म्हणतोच, गाडी आणि माणूस, बसले की संपले."

"मुलीला गाडी तुम्हीच दिलीत?"

"मी कचरत होतो. उभी असताना गाडी हल्ली जरा खचल्यासारखी दिसायची. मुलीने कप्तानला फोन करून विचारलं. लहानपणापासून काका म्हणते ती त्याला. तो म्हणाला, ने गं बिनधास्त."

ताईने तुकडा खिडकीशी नेला. मधोमध बोटभर रुंदीचा पट्टा चकचकीत गुळगुळीत झाला होता आणि त्यातून विणलेले धागे उघडे पडले होते. ताईने नखाने घडीतली राखाडी पूड उकरली, कागदावर घेतली आणि बोटांत चोळली.

"भावोजी, तुमचे लग्नातले बूट अजून आहेत ना?"

"आहेत की. एकदाच घातले. चावले."

"त्यांचा तळ कसा आहे?"

"तळ नवा कोरा. वरचं कातडं मात्र तडकलंय, सुकलेल्या चिखलासारखं. का?"

"सहज," ताई म्हणाली. भावोजींना ठाऊक होतं की ताई सहज असं शिंकतसुद्धा नाही.

*

मिस्त्रीचं गॅरेज एका अरुंद रस्त्याच्या टोकाला होतं. एरवी तिथे गाड्यांची रांग असावी, कारण जमिनीवर तेलाचे ताजे डाग होते. आज एकच गाडी उभी होती. मिस्त्री पन्नाशीचा, बोलताना हात पुसत राहणारा.

"कालपासून तिघांनी गाड्या परत नेल्या," तो म्हणाला. "कप्तानसाहेबांनी सगळ्यांना सांगितलंय म्हणे. जाऊ द्या. विचारा काय विचारायचं ते."

"जुने फुगे काढलेत तेव्हा कसे होते?"

"वरून भेगा पडलेल्या, आतून धड. उभ्या गाडीचे तसेच होतात. दोन्ही पोत्यात घालून डॉक्टरसाहेबांना दाखवायला नेले होते. ते म्हणाले, तू म्हणतोस ना, बस्स, पोत्यात तोंड कोण घालतं! तेव्हा बरं वाटलं होतं हो, एवढा भरवसा आहे म्हणून." तो हसला, पण ते हसणं ओठांवरच राहिलं.

"नवे फुगे घातल्याचा पुरावा?"

त्याने भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे सुट्या भागांच्या खोक्यांची झाकणं खिळ्यांना टोचून ठेवलेली होती, गाडीवार. प्रत्येक झाकणावर त्या एकाच नगाचा नंबर, दुसऱ्या कुठल्याही नगावर नसणारा. डॉक्टरांच्या गाडीच्या दोन झाकणांवर शेवटचे आकडे होते ४१७ आणि ४१८. डावा ४१७, उजवा ४१८ असं पेन्सिलीने लिहिलेलं.

"झाकणं काय, कुठूनही आणता येतात," भावोजी बाहेर आल्यावर म्हणाले. "एक घातला, दुसरा दुसऱ्याच गिऱ्हाइकाला विकला. उघड आहे."

"त्याच्या हातातला तो पिवळ्या रंगाचा पेन पाहिलात?"

"मुलांना चित्रं काढून देत असेल."

ताईने मागे वळून मिस्त्रीलाच विचारलं. तो जरा संकोचला. "सवय आहे, मॅडम. नट आवळून झाला की नटावरून खाली पत्र्यापर्यंत एक सरळ रेघ ओढतो. आवळायचा राहिला तर रेघ नसते. माझा वस्ताद म्हणायचा, हाताला विसर पडतो, रेघेला नाही."

*

अपघातग्रस्त गाडी डॉक्टरांच्या स्वतःच्या गॅरेजात आणून ठेवली होती. ओढून आणल्यापासून तिला कुणी हात लावला नव्हता. काळा रंग आरशासारखा, आसनांचं कातडं नव्यासारखं. आणि डावा खांदा जमिनीला टेकलेला. सुटाबुटातल्या माणसाचा पाय मोडावा तशी ती दिसत होती.

ड्रायव्हर बोलघेवडा निघाला. "सकाळी बघावं तर डावी बाजू चार बोटं खाली! चालू केली की हवा भरून वर यायची. मी साहेबांना सांगितलं, मिस्त्रीला बोलावतो. कप्तानसाहेब बसले होते तिथे. म्हणाले, अरे, जुन्या गाड्या सकाळी आळस देतात, तू नाही देत का?"

"हे कधीपासून?"

"साहेब मुलीकडे राहून परत आले ना गेल्या वर्षी, त्या सुमारापासून."

"भावोजी, टॉर्च घ्या आणि दिसेल ते वाचा," ताई म्हणाली. ड्रायव्हरने बॉनेट उघडून दिलं.

भावोजी वाकले. "उजवीकडे तीन नट. पिवळ्या रेघा, सरळ. खाली फुग्यावर नंबर... शेवटी चारशे अठरा. डावीकडे तीन नट. रेघा आहेत. पण मोडक्या. नटावरचा तुकडा एकीकडे, पत्र्यावरचा दुसरीकडे. घाईत ओढल्या असतील."

"तिन्ही?"

"तिन्ही."

भिंतीवर एक पुठ्ठा टांगलेला होता. गाडी किती चालली याची नोंद तिथे ठेवायची, हा डॉक्टरांच्या दिवंगत पत्नीचा नियम. ड्रायव्हर तो इमाने पाळत होता. दर सोमवारी गाडी पुसताना तो आकडा लिही. डॉक्टर मुलीकडे गेले होते ते दोन महिने भावोजींनी मोठ्याने वाचले, वर्गात हजेरी घ्यावी तसे. "सोमवार, बावीस किलोमीटर. सोमवार, बावीस. सोमवार, बावीस. मंगळवार, सहा. सोमवार, बावीस..."

"या काळात गाडी कोण चालवत होतं?"

"कप्तानसाहेब. दर रविवारी फिरवून आणायचे. उभी राहिली तर बॅटरी बसते ना."

"मित्र असावा तर असा," भावोजी म्हणाले. ताई पुठ्ठ्याकडे पाहत राहिली.

*

"डॉक्टरांच्या घरापासून तीन किलोमीटर, बरोबर," कप्तानच्या फाटकाशी भावोजींनी जाहीर केलं. कुठेही पोचलं की अंतर सांगायची त्यांची खोड होती.

कप्तान दारातच उभा होता. भरदार आवाज, पांढऱ्या मिशा. "या, या! पायपुसण्याकडे बघू नका, खाणीची पूड घरभर येते. रोज दोन खेपा त्या कच्च्या रस्त्यावरून."

पोर्चमध्ये त्याची गाडी उभी होती. डॉक्टरांच्या गाडीची जुळी बहीण, फक्त उन्हातान्हात वाढलेली. पलीकडच्या शेडमध्ये पाने आणि जॅक क्रमाने मांडलेले होते.

"दोन लाख दहा हजार!" कप्तानने बॉनेटवर थाप मारली. "आणि चारही फुगे कंपनीचे, पहिल्या दिवसाचे. सगळी देखभाल मी स्वतः करतो, परक्याला हात लावू देत नाही. डॉक्टराला पंधरा वर्षं सांगतोय, गाडी चालव रे. पण तो बसला त्या मिस्त्रीच्या नादी."

"डॉक्टर नसताना त्यांची गाडी तुम्ही कुठवर न्यायचात?"

"तळ्यापर्यंत. बांधाशी वळायचं आणि परत. दर रविवारी, न चुकता."

"अकरा जाणं, अकरा येणं," भावोजी म्हणाले.

"कधी काही दुरुस्ती करावी लागली?"

"छे! तिच्या बॉनेटलाही हात लावला नाही. चालवली, आणून ठेवली."

ताईच्या पेनाचं टोपण पडलं आणि घरंगळत कप्तानच्या गाडीच्या पुढच्या डाव्या चाकामागे गेलं. चाक वळलेलं असल्याने मागची पोकळी उघडी होती. ताई खाली वाकली आणि मोबाइलच्या उजेडात बराच वेळ टोपण शोधत राहिली. भावोजींना ते जागेवरून दिसत होतं. पण वडीलधाऱ्या मेहुणीला सर्वांदेखत नजर कमी झाली म्हणणं त्यांना प्रशस्त वाटलं नाही.

*

दुपारी चारला सगळे डॉक्टरांच्या दिवाणखान्यात जमले. मुलगी मनगटाला प्लास्टर घालून सोफ्यावर बसली होती, कप्तान तिच्याशेजारी. मिस्त्रीला खुर्ची दाखवली तरी तो दाराशी उभाच राहिला. टेबलावर तक्रारीचा कागद होता, सहीसकट.

"माझा अहवाल तोंडी आहे," ताई म्हणाली. "पहिला प्रश्न. हा फुगा कशाने फाटला? रबर दोन तऱ्हांनी म्हातारं होतं, काळाने आणि कामाने. काळाने झालं तर वरून भेगा पडतात, भावोजींच्या लग्नातल्या बुटांसारख्या. आणि तळ शाबूत राहतो. कामाने झालं तर घडीची जागा घासून गुळगुळीत होते आणि धागे उघडे पडतात. हा तुकडा कामाने मेलेला आहे. अडतीस हजार किलोमीटर, तेही गुळगुळीत रस्त्यावर चाललेल्या गाडीत फुगा असा घासू शकत नाही."

"पण साल पंधरा वर्षांपूर्वीचं आहे," डॉक्टर म्हणाले.

"आहे. म्हणून तुम्ही धरून चाललात की तो तुमच्या गाडीचा मूळचा फुगा. सालावरून फक्त वय कळतं, घर कळत नाही. हा फुगा तुमच्या गाडीत जन्मलेलाच नाही."

ताईने तुकडा टेबलावर ठेवला.

"दुसरा प्रश्न. मिस्त्रीने डावा फुगा बदलला होता का? डाव्या बाजूच्या तिन्ही नटांवर पिवळ्या रेघा आहेत आणि तिन्ही मोडलेल्या आहेत. रेघ ओढली जाते ती नट आवळल्यावर, सरळ. ती मोडते ती नंतर कुणी नट फिरवला तरच."

भावोजी उसळले. "मग नंतर मिस्त्रीनेच—"

"मिस्त्रीने पुन्हा खोललं असतं तर पुन्हा रेघ ओढली असती. सवय म्हणून, आणि चोरी लपवायची म्हणून तर नक्कीच. ज्याने खोललं त्याला त्या रेघेचा अर्थ ठाऊक नव्हता." ताई ड्रायव्हरकडे वळली. "पुठ्ठ्यावरच्या सगळ्या नोंदी सोमवारच्या. एकच मंगळवारची. का?"

ड्रायव्हरने डोकं खाजवलं. "त्या सोमवारी गाडी नव्हतीच. फोन आला होता, बॅटरी बसली, उद्या आणतो म्हणून."

"कुणाचा फोन?"

ड्रायव्हरने कप्तानकडे पाहिलं आणि लगेच जमिनीकडे.

"तळं जाऊन-येऊन बावीस किलोमीटर," ताई म्हणाली. "त्या आठवड्यात गाडी फक्त सहा चालली. इथून तीन किलोमीटरवर काय आहे, हे भावोजींनी आज सकाळीच मोठ्याने सांगितलं. दिवस-दीड दिवस ती गाडी तिथल्या शेडमध्ये होती. तिथून परतली आणि डावीकडे खचू लागली."

"काय लावलंय हे?" कप्तान हसला. "डॉक्टरा, अरे, तू ऐकून घेतोस?"

"फाटक्या तुकड्याच्या घडीत दगडाची पूड होती. तुमच्या पायपुसण्यावर आहे तीच." ताईने मोबाइल टेबलावर ठेवला. "आणि मिस्त्रीने दोन फुगे आणले, ४१७ आणि ४१८. ४१८ डॉक्टरांच्या गाडीत उजवीकडे आहे. ४१७ चा हा फोटो. माझं टोपण ज्या चाकामागे गेलं, तिथला. पहिल्या दिवसाचा, कंपनीचा, असं तुम्ही ज्याला म्हणालात, तो."

डॉक्टरांनी फोटो पाहिला. मग चष्मा काढून, पुसून, पुन्हा पाहिला. नकोसं निदान ऐकलेल्या रुग्णाच्या नातेवाइकासारखं.

"कप्तान, मागितला असतास तर मी चारही काढून दिले असते रे."

कप्तानचा आवाज पहिल्यांदाच लहान झाला. "माझा डावा गळायला लागला होता. बाहेर दुरुस्तीला नेली असती तर गावभर झालं असतं, कप्तानची गाडी बसली. तुझी काय, वर्षाला हजार किलोमीटर चालत नाही. मला वाटलं, तिला पुरेल. एक फुगा, डॉक्टरा! एका फुग्यासाठी..."

"काका." मुलगी बोलली तेव्हा सगळ्यांना ती तिथे असल्याची जणू नव्याने आठवण झाली. "मी तुम्हाला विचारूनच गाडी नेली होती."

कप्तानने टेबलावरच्या किल्ल्या आपल्याकडे ओढल्या.

"नको म्हणायचं तर का ते सांगावं लागलं असतं," ताई म्हणाली. तिच्या स्वरात राग नव्हता; प्रयोगशाळेचे अहवाल ती असेच वाचून दाखवत असावी. "आणि फुगा फाटल्यावर कुणीतरी फुगा तपासणार, हे ओळखून जुनं साल तुम्हीच आधी दाखवलंत. बोट मिस्त्रीकडे वळावं म्हणून."

मुलगी सोफ्यावरून उठली आणि वडिलांच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली. एवढंच. पण कप्तान त्यानंतर फार वेळ बसू शकला नाही. त्याने किल्ल्या उचलल्या. डॉक्टर उठले नाहीत. पंधरा वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी त्याला फाटकापर्यंत पोचवलं नाही.

कप्तान मिस्त्रीच्या शेजारून गेला. मिस्त्री दारातून बाहेर बघत होता, अंगणात उभ्या कप्तानच्या गाडीकडे. डावी बाजू ताठ होती. उजवी चार बोटं खाली.

"साहेब," मिस्त्री म्हणाला, "तुमचा उजवाही चाललाय. वेग घेऊ नका. जपून जा."

कप्तान मान खाली घालून निघून गेला. इंजिन सुरू झालं, गाडीची उजवी बाजू कण्हत वर आली.

डॉक्टरांनी तक्रारीचा कागद उचलला, चार घड्या घातल्या आणि कुठे ठेवावा हे न कळून हातातच धरला. "मिस्त्री, मी... तू ये उद्या. गाडी तूच नीट कर. मी सगळ्यांना सांगतो, माझीच चूक झाली म्हणून."

"सांगा, साहेब. गिऱ्हाइकं परत येतील." मिस्त्री पुढे आला. "गाडीही करून देतो. पोरगी बसली होती तिच्यात, अर्धवट सोडणार नाही."

त्याने खिशातून एक किल्ली काढली. तिच्या डोक्यावर पिवळ्या रंगाचा ठिपका होता.

"ही तुमच्या गॅरेजची. बाईसाहेबांनी दिली होती, तुम्ही नसताना येता यावं म्हणून. पंधरा वर्षं माझ्या खिशात होती."

"असू दे की तुझ्याकडेच."

"आतापर्यंत होती, म्हणजे मी घरचाच होतो; परवा तुम्हाला मला एकदा विचारता आलं असतं. तुम्ही विचारलं नाहीत." त्याने किल्ली टेबलाच्या काचेवर ठेवली, आवाज होणार नाही अशा बेताने. "उद्या दहाला येतो. ड्रायव्हरला दार उघडायला सांगून ठेवा."

परतताना गाडी भावोजीच चालवत होते. डॉक्टरांचं घर मागे पडून किती किलोमीटर झाले, हे मात्र त्यांनी या वेळी सांगितलं नाही.

"ताई," शेवटी ते म्हणाले, "ती दुसरी रेघ, डॉक्टर आणि मिस्त्री यांच्यातली, पुन्हा ओढता येईल का हो?"

ताई खिडकीबाहेर पाहत होती. "सिग्नल लाल आहे, भावोजी," ती म्हणाली, आणि त्यांनी ब्रेक दाबला.